डोळ्यांपासून वरचं झाड

मुखेडजवळच्या एका गावात मी हायस्कूलला गणित शिकवायचो. शाळेमागचा लिंब वाळला होता, वाऱ्याने कधीही खाली आला असता. एका बाजूला विजेच्या तारा, म्हणून तो दुसऱ्या अंगालाच पाडावा लागणार होता. तिकडे एका एकट्या म्हातारीचं पत्र्याचं घर. झाड घरापर्यंत पोचत असेल तर आधी शेंडा उतरवणं भाग होतं.

लाकूडतोड्याने मला झाडाची उंची विचारली. मी कंपासपेटीतल्या गुण्याला ओळंब्यासारखा दोरा बांधला, गुण्या डोळ्याला लावला आणि शेंडा पंचेचाळीस अंशांवर दिसेपर्यंत मागे सरकलो. टॅन पंचेचाळीस म्हणजे एक; जेवढं अंतर तेवढी उंची. टेपने चाळीस फूट भरले. घर त्रेचाळीस फुटांवर होतं.

“म्या भाईर बसू का रं मास्तर?” म्हातारीने आतून विचारलं. तिला ताप होता.

“पडून राहा मावशी. झाड तुमच्या घराला शिवत नाही.”

लाकूडतोड्या हसला. “झोप माय. झाडाचा पेपर तपासलाय मास्तरनं.”

बुंधा पुढं सरकू नये म्हणून त्याने मागून दोर आवळून झाड शेंड्यासकट पाडलं. शेंडा पत्र्यातून आत गेला. म्हातारीची कंबर मोडली. ती पुन्हा उठली नाही. पुढच्या उन्हाळ्यात खाटेवरच गेली.

लाकूडतोड्याने दोर ढिला सोडला, म्हणून झाड पुढं सरकलं, असं गाव म्हणालं. त्या दिवशी सगळे तिला घेऊन नांदेडला दवाखान्यात गेले तेव्हा मी आडव्या लिंबाला टेप लावला. पंचेचाळीस फूट. मी मोजलं होतं ते माझ्या डोळ्यांपासून वरचं झाड. डोळ्यांखालचे पाच फूट मिळवायचे राहिले होते. दहावीच्या पोरांचे याच चुकीला मी गुण कापायचो.

मी गप्प राहिलो. त्याला कुणी कामाला बोलवेना. तो अहमदपूरला हमालीला गेला. बऱ्याच वर्षांनी तिथल्या बसस्थानकावर भेटला. माझी पिशवी गाडीत ठेवून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

“खरं सांगा मास्तर, दोर ढिला व्हता का? मला तं आवळलेलाच आठवून राहिलाय.”

“असेल ढिला,” मी म्हणालो. गाडी सुटली.

तो वारल्याचं गेल्या महिन्यात कळलं. दोर आवळलेला होता.