खार की लिंब?

माझ्या बायकोच्या निलंग्याच्या मामांच्या मते महादेवाने माणसाच्या दोनच जाती घडवल्या, खार आणि लिंब. बाकीच्या सगळ्या माणसांनी मागाहून घुसडल्या. खार म्हणजे दिवसभर शेपटी उडवत पळणारा, टेकायला सांगितलं तर कासावीस होणारा जीव. लिंब म्हणजे जिथे उगवला तिथेच राहणारा. ज्याला गरज असेल तो येईल सावलीला. मामा स्वतः अर्थातच लिंब. अडत दुकानाच्या गादीवर हा लिंब कायम बसलेला असतो, एवढाच काय तो फरक. गावातले डॉक्टर खार, पण त्यांचा कंपाउंडर लिंब. मला तर त्यांनी माझ्याच लग्नाच्या पंगतीत जाहीर करून टाकलं, "आमचे जावई खार हायत. पण स्वभावानं लई गरीब."

पंचाईत झाली ती त्यांच्या एकुलत्या लेकीला बघायला बँकेतला मुलगा आला तेव्हा. तो तिच्या मनात भरलाय, हे मामा सोडून सगळ्यांना दिसत होतं. पण त्याने पोह्यांतले शेंगदाणे आधी वेचून खाल्ले! पाहुणे वाटेला लागताच मामांनी निकाल दिला, "खार हाय. बदल्या घेत पळंल अन् पोरीला फरफटवंल. न्हाई द्यायची."

लेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अप्पा, त्यांना आवडत्यात म्हणून मीच मूठभर जास्त टाकले होते."

आवडतात हे तिला कसं ठाऊक, हा प्रश्न मामींनी मोठ्या शहाणपणाने कुणाला विचारूच दिला नाही. लेक जेवेना, मामा सोयाबीनच्या सौद्यातही तोंड उघडेनात. शेवटी एका सकाळी त्यांनी आपली विद्याही वाचवली आणि लेकीचं मनही राखलं. "खार ऱ्हाती कुठं? लिंबावरच की! आपली पोरगी लिंब हाय. द्या बार उडवून."

लग्न थाटात झालं. वर्ष सरायच्या आत जावयाची बदली हिमायतनगरला झाली आणि मामांची लेक हसत हसत संसार टेम्पोत भरून निघाली. दुकान उघडं टाकून मामा टेम्पोमागे एसटी स्टँडपर्यंत चालत गेले.

हिमायतनगर काही विलायत नव्हे, पण त्यांना ते तितकंच लांब वाटतं, आणि त्यांची थट्टा करायला आता माझी जीभ रेटत नाही. परवा दुकानात गेलो, तर माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना ते एकेक करून विचारत होते, "लेक कुठं दिली?"

"हितंच, औरादला."

"बरं हाय," म्हणून मामा काट्याकडे वळले. पण दुसरा म्हणाला, "पुण्याला." तेव्हा मामा गादीवर जरा सरकले, त्याला शेजारी बसवून घेतलं, चहा सांगितला आणि हळूच विचारलं, "फोन येतो का तिचा?"