बॅनरवरचं अंग

बेंगळुरूच्या येलहंक्यातल्या ज्या जिममध्ये मी ट्रेनर आहे, तिथे नवीन आलेला माणूस आधी माझ्या पोटाकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. याचा मला राग येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. येत होता. एकदा एक जण दोन दिवस माझ्याकडे व्यायाम करून गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याने रिसेप्शनवर सांगितलं, याला स्वतःलाच ट्रेनर लावायची गरज आहे, मला दुसरा द्या. मी मागेच पाणी भरत उभा होतो. वजन उचलताना त्याची कंबर चुकीची वाकते हे मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं, पण ते त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी चांगला दोन वेळा भात घेतला.

मी मूळचा बेळगावकडचा, आणि शिकलो तालमीत. आमचे वस्ताद साठीचे होते आणि त्यांचं पोट माझ्या दुप्पट होतं. बसल्या जागेवरून, नुसत्या धपक्याच्या आवाजावरून कुणाचा पाय कुठे चुकला ते सांगायचे. त्यांच्या पोटाबद्दल कुणी चकार शब्द काढल्याचं आठवत नाही. पण नंतर विचार केल्यावर मला जिमवाल्यांचंही पटायला लागलं. वस्तादांनी घडवलेले पाच-सात पैलवान गावात फिरत असायचे, माणूस ते बघून तालमीत यायचा. इथे येणाऱ्याने काय बघून यायचं? त्याच्यासमोर एक आरसा असतो आणि एक मी.

पोटाकडे न बघणारी एकच बाई माझ्या वाट्याला आली. वय एकसष्ट. बेंगळुरूतच पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. तिचं मराठी निम्मं कन्नड होतं, आणि माझ्या मराठीला ती पुस्तकातलं म्हणून हसायची. तिचं मागणं फार थोडं होतं. घरच्या देवकार्याला दर वर्षी जमिनीवर पंगत बसायची आणि गुडघ्यांमुळे दोन वर्षं तिला एकटीला खुर्चीवर बसवत होते. थोरल्या जावा खाली मांडी घालून आणि ही वर. त्या खुर्चीचा तिला मनस्वी अपमान वाटायचा. खाली बसायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं, एवढंच तिला हवं होतं.

आम्ही उंच बेंचपासून सुरुवात केली. बसायचं, उठायचं. दर पंधरवड्याला बैठक एक बोट खाली. मी समोर उभा राहून तिचे दोन्ही हात धरायचो आणि दर वेळी थोडा कमी जोर द्यायचो, म्हणजे उरलेला तिच्या पायांनी लावावा. हे काम दिसायला अगदीच किरकोळ. पण किती जोर द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे मला तालमीनेच शिकवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. सात महिन्यांत आम्ही पाटाच्या उंचीवर आलो. देवकार्याला दीड महिना होता.

याच दिवसांत मालकाने रस्त्यावर मोठा बॅनर लावायचं ठरवलं. त्यावर ट्रेनरांचे उघड्या अंगाचे फोटो. मला त्याने बाजूला घेऊन नीट समजावलं, की तुम्ही शिकवता उत्तम, पण शिकवणं बॅनरवर दिसत नाही. त्याआधी तीन महिने मी चिडून भात सोडलाच होता. आता इरेला पेटलो. पोट गेलं. छातीखाली रेघा उमटायला लागल्या. आणि खोटं कशाला सांगू, मला आरसा आवडायला लागला. कपडे बदलताना मी स्वतःकडे चोरून बघायचो. फक्त अक्काने एकदा विचारलं होतं, घरी भांडण झालंय काय, जेवत का नाहीस.

फोटोच्या आधी दोन दिवस मीठ बंद करतात आणि शेवटचा दिवस पाणीही. कातडी आत चिकटते आणि प्रत्येक स्नायू सुटा दिसतो. ट्रेनर मंडळी हे एकमेकांना गुपित सांगावं तसं सांगतात, मलाही तसंच कळलं. फोटो अकरा वाजता होता, अक्काची वेळ सातची. तिला आज येऊ नका म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण उन्हापाण्यात चुकली नाही ती बाई, आणि मला स्वतःला काही होईल असं वाटत नव्हतं. इतकं चांगलं अंग माझं आयुष्यात कधीच नव्हतं.

तिसऱ्या वेळेला ती पाटावरून निम्मी उठली होती. माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला, बोटं सुटली आणि मी जागेवरच खाली बसलो. ती मागे पडली, हात टेकून. मनगट मोडल्याचं तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. तिला दवाखान्यात सोडलं, तिचा मुलगा आल्यावर परत जिममध्ये आलो आणि फोटोला उभा राहिलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

फोटो सुरेख आला. बॅनर लागल्यावर महिन्याभरात माझ्याकडे माणसांची रांग लागली. कुणीही दुसरा ट्रेनर मागितला नाही. सकाळच्या वेळा भरल्या, मला नाही म्हणायची पाळी आली. तेव्हा ट्रेनरच्या अंगाने फरक पडतो का, असं मला कुणी विचारलं तर मी पडतो म्हणूनच सांगेन. माझ्याकडे त्याचा पुरावा रस्त्यावर लटकत होता.

अक्काकडे जायला मला तीन आठवडे लागले. ती बाहेरच्या खोलीत बसली होती, प्लास्टर उशीवर ठेवून. मी पाणी बंद केल्याचं सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने सुनेला कॉफी ठेवायला सांगितली. मग म्हणाली,

"हात धरलास तवाच कळलं होतं मला, तम्मा. जोर नव्हता तुझ्या हातात. सांगणार होते, स्वल्प थांब म्हणून. पण तुझं ते अंग बघितलं आणि म्हटलं, आपल्यालाच कळत नसेल."

सात महिने मी तिला एकच गोष्ट शिकवत होतो, की स्वतःच्या हातापायांना काय कळतंय ते ऐकायचं. ती ते बरोबर शिकली होती, आणि तिला गप्प मी केलं होतं.

आता कुणाचेही हात धरले की मी आधी विचारतो, पकड कशी वाटते? माणसं माझ्या दंडांकडे बघतात आणि मस्त म्हणतात. मी परत विचारतो.