कतारगामचा फ्रेंच क्लास

फ्रेंच शिकवते म्हटलं की लोक विचारतात, "सुरतेत? कोण येतं?" येतात हो! कॅनडाला निघालेले सगळे येतात, शिकतात आणि जातात. माझ्याकडे उरतात ते किस्से. घरी ऐकायला कुणी नाही, त्यामुळे जरा जास्तच साठलेत.

*

धडा होता 'माझी सकाळ'. फ्रेंचमध्ये नुसतं 'उठतो' म्हणत नाहीत. 'मी मला उठवतो', 'मी मला धुतो', असं काहीसं म्हणतात. सगळे खो खो हसले. बीडचा महेश तेवढा हसला नाही. हजीऱ्याला नोकरी, पांडेसऱ्यात रूमवर एकटा.

"बरोबरच आहे की मॅडम! गावाकडं आई उठवायची. हितं मला दुसरं कोण उठवणार?"

मग म्हणाला, "फ्रेंच लोक बी रूमवरच राहतात का?"

*

कोमलचा नवरा लग्नानंतर लगेच मॉन्ट्रियलला गेला. 'माझा रविवार' सांगताना तिची सगळी वाक्यं 'मी'ची. मी जेवते, मी टीव्ही बघते, मी झोपते. म्हटलं, "अगं, एक तरी वाक्य 'नू'चं कर! 'नू' म्हणजे आम्ही."

"मॅडम, 'नू' व्हिसात अडकलाय!"

*

एकदा घरी दुसऱ्या दिवसाच्या संवादाची तयारी करत होते. 'चहा घेणार?' 'हो, थँक्यू!' दोन्ही आवाज माझेच, फ्रेंचमध्ये, अगदी रंगात येऊन. तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या हंसाबेन, हातात खमणची प्लेट.

"तमारे त्यां मेहमान आव्या लागे छे!"

मी प्लेट घेतली. म्हटलं, "हा, आव्या छे."

*

आणि आमच्या इंदूबाई. मूळच्या धुळ्याकडच्या, वय साठीच्या पुढे. मुलगा पॅरिसला, सून तिकडचीच, आणि चार वर्षांच्या नातीला फ्रेंचशिवाय काही येत नाही. म्हणून बाई क्लासला.

त्यांना सांगितलं, "जवळच्या माणसाला 'त्यू' म्हणायचं, आपल्या 'तू'सारखंच. परक्याला 'व्हू'."

बाईंना घोरच लागला. "मंग नात माले काय म्हणेल?"

शेवटी एका रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल क्लासातच आला, समोर नातीला बसवून. बाईंनी पदर सारखा केला, फोन दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात म्हणाल्या, "बाँझूर! मी जेवते. तू जेवतेस?" सगळं फ्रेंचमध्ये, एकही चूक नाही!

पोरगी स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "त्यू ए की?"

म्हणजे, 'तू कोण आहेस?'

तेवढ्यात नेटवर्क गेलं. महेश खाली बघायला लागला.

इंदूबाई माझ्याकडे वळल्या. चेहरा नुसता फुललेला.

"ऐकलं का मॅडम? तिनी माले 'तू' म्हटलं!"