भुताचा चेहरा

सोलापूरच्या नवी पेठेत विरुपाक्ष पेंटरचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. चौऱ्याहत्तर साली पुण्याच्या एका भुताखेतांच्या मासिकाचं मुखपृष्ठ काढायचं काम त्याला मिळालं. संपादकांची अट एकच होती, बघणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे.

विरुपाक्ष कामाला चोख. भूत बघायला तो अमावास्येचा मुहूर्त धरून स्मशानात गेला. तिथं लिंबाखाली कंदिलाच्या उजेडात चौघे पत्ते कुटत होते आणि राखणदार घोरत होता. त्यांनी याला आग्रहानं चहा पाजला. इतकी निवांत जागा त्यानं अख्ख्या सोलापुरात पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात जवळच्या कुंभारी गावची शरणम्मा मावशी वारली. विरुपाक्ष मयतीला गेला, तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला भिंतीशी बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार. चेहरा असा शांत, की आता वाटी मागून सांडगे तळायला उठेल. तिच्याकडे बघून लहान पोरसुद्धा भ्यालं नसतं. शेजारी थोरला मुलगा संगप्पा मोठ्यानं रडत होता. रडता रडता त्याची नजर आईच्या हातातल्या पाटल्यांवर गेली आणि तिथंच चिकटली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओठ मात्र एका कोपऱ्यातून वर चढले होते.

विरुपाक्षच्या अंगावर सरकन काटा आला. घरी येऊन त्यानं तोच चेहरा काढला, वर दोन सुळे तेवढे जोडले. अंक हातोहात खपला.

मग विरुपाक्ष कुणाचीही मयत चुकवीना. किती माणुसकीचा माणूस, असं पेठेत जो तो म्हणू लागला.

एक दिवस संगप्पा तो अंक घेऊन दुकानात उभा राहिला. विरुपाक्षनं पाटीवरचं वाळलेलं अक्षर पुन्हा गिरवायला घेतलं.

"चेहरा वळकला बरं का मी," संगप्पा म्हणाला. "आमचा धाकटा शिवयोगी हाय की ह्यो. लई हुबेहूब." आणि पाव्हण्यारावळ्यांना वाटायला त्यानं आणखी अंक मागवले.

पुढं सासरे गेले. विरुपाक्षची बायको सुंदरम्मा बापाच्या पायाशी बसली होती. तिनं मान वर केली, तर नवरा भिंतीला टेकून मेव्हण्याचं तोंड निरखत होता. एक डोळा बारीक, बोटं हवेत रेघा ओढतायत.

ती हळूच म्हणाली, "माझा बाप गेलाय, आनि तुमी मापं घेताय व्हय? एकदा स्वतःचं तोंड बघा आरशात."

नवऱ्यानं बायकोचं ऐकलं. परतल्यावर त्यानं दाढीचा आरसा समोर टेकवला, एक डोळा बारीक केला आणि रंग कालवले. संपादकांनी खास पत्र पाठवून विचारलं, अशी कल्पना सुचते तरी कुठून?

अंक घरी आला तेव्हा सुंदरम्मा भाकरी थापत होती. तिनं मुखपृष्ठ पाहिलं, अंक पालथा घातला आणि त्याला ताट वाढलं.