म्हशीची कास आणि अर्ध्या भावातली बँक

बँकेचा शेअर कसा पारखायचा, हे मी नाते गावच्या एका गोठ्यात शिकलो. हल्ली हे मी छाती काढून सांगतो; त्या दिवशी मान खाली होती.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये होतो आणि बिरवाडीत भाड्याने राहत होतो. बायको पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातली. खोलीमागच्या पडवीत एक म्हैस बांधून, दूध विकून, तिने दुसऱ्या म्हशीपुरते पैसे साठवले होते. माझा डोळा त्याच पैशांवर.

कारण मी गुंतवणुकीचं एक पुस्तक अर्धं वाचलं होतं. अर्ध्या पुस्तकाने जेवढा आत्मविश्वास येतो, तेवढा पूर्ण वाचून कधी येत नाही. बँकेच्या मालमत्तेतून देणी वजा करायची, उरेल त्याला शेअरांच्या संख्येने भागायचं. ही शेअरची पुस्तकी किंमत. बाजारात त्याहून कमी भाव असेल तर माल स्वस्त. मला एक बँक चक्क निम्म्या भावात सापडली. पन्नास शेअर मी गुपचूप घेऊनही टाकले. बाकीचे बायकोच्या पैशांतून घेणार होतो.

तेवढ्यात सासरे म्हैस ठरवायला आले. आम्ही नाते गावी गेलो. तिथल्या एका म्हशीची कास अशी तट्ट भरलेली, की मी म्हणालो, "मामा, लगेच घेऊन टाका."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "पावणं, सकालची धार चुकवलीय मालकानं. म्हनून कास फुगलीय. तीन धारा मी माज्या हातानं काढनार. मंग भाव."

तीन धारा म्हणजे दीड दिवसाचा मुक्काम. मालक चरफडला, पण चहा दिला. मी गोठ्यात बसून बँकेचा वार्षिक अहवाल उघडला आणि सासऱ्यांना माझी निम्म्या भावाची जादू समजावली. ते ऐकत होते, हात बादलीवर.

"बँकेची मालमत्ता म्हंजे काय?"

"लोकांना दिलेली कर्जं."

"आनि बुडाली ती?"

"ती... मागच्या पानांवर असतील."

"मंग मागची पानं बघा की. का फुगलेल्या कासेवरच भाव करताय?"

मागची पानं मी वाचलीच नव्हती. वाचली. बुडीत कर्जांपैकी ज्यांच्यासाठी बँकेने पैसे बाजूला काढलेले नव्हते, ती वजा केली. पुस्तकी किंमत उतरत उतरत बाजारभावाच्याही खाली गेली. मी पुन्हा वजाबाकी केली. म्हशीने शेपटी झाडली ती नेमकी माझ्या कागदावर.

तिसऱ्या धारेनंतर सासरे मालकाला म्हणाले, "म्हस वाईट नाय. भाव वाईट हाय." आणि बराच भाव उतरवून म्हैस घेतली. माझ्या बँकेशी अशी घासाघीस करायची सोय नव्हती. पन्नास शेअरांची कबुली मी वाटेतच सासऱ्यांना दिली. घरी सगळं ऐकून बायको एवढंच म्हणाली, "बरं झालं, म्हशी तुम्ही विकत घेत नाय."

ती बँक पुढे बुडाली. माझे पन्नास शेअर शून्य झाले.

दोन वर्षांनी मला दुसरी बँक आवडली. कंटाळवाणी, कुणी नावही न काढणारी. बुडीत फार थोडं, लाभांश दरवर्षी, आणि भाव पुस्तकी किमतीहून थोडासाच खाली. ह्या वेळी पैसे मागायची माझी हिंमत नव्हती. बायकोनेच विचारलं, "किती धारा काढल्या?"

"तीन. तीन वर्षांचे अहवाल, मागच्या पानांसकट."

तिने डबा उघडला. नाते गावच्या म्हशीच्या दुधाचे पैसे होते ते. ते शेअर आजही आमच्याकडे आहेत, तिच्याच नावावर. पोलादपूरच्या बाजारात सासरे मात्र अजून सांगत फिरतात, "आमचा जावय बँकेची धार काढतो." पन्नास शेअरांचं ते कुणाला सांगत नाहीत. ते मी सांगतो.