बाई वाहून गेल्या

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. सावित्रीकाठच्या आमच्या गावात मी एकदा वाहून गेले. तेही पायाला पाणी न लागता.

मी इथल्या शाळेत शिकवते. पावसाळा लागला तसा मुलांसाठी पुराचा खेळ बसवला. शिट्टी वाजली की मोठ्यांनी लहानांचे हात धरायचे, सगळ्यांनी मिळून टेकाडावरच्या देवळात जायचं. पहिला नंबर कुणाचाच नाही. एक जरी मागे राहिला तरी अख्खी शाळा हरली. आणि जो मागे राहील तो 'वाहून गेला'.

शाळा समितीच्या तात्यांना हे पटेना. "पोरांना पळायला काय शिकवायचं, बाई? उद्या येतो बघायला. नाय पटलं तर खेळ बंद."

झालं, रात्रभर मी खेळाची उजळणी करत बसले.

दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात, तात्या दारात आणि मुलांना चाहूल लागू नये म्हणून मी शाळेच्या मागे, शिट्टी तोंडात धरून. तेवढ्यात रस्त्याच्या कामावर डंपरने दगड ओतले. धडाड्! मी मुळात कुकरच्या शिट्टीला दचकणारी. वाटलं, दरडच आली. दचकताना शिट्टी वाजली ती वाजली, आणि मी जी सुटले ती थेट देवळात. दार लावलं. कडीसुद्धा.

खाली काय झालं ते तात्यांनी नंतर सांगितलं. मुलं हात धरून बाहेर आली, मोजदाद झाली. सातवीतली सानिका म्हणाली, "एक कमी हाय. बाई नाय."

"येतील गो मागनं. चला वर."

"नाय तात्या. सोडून गेलो तर हरलो."

मग हाका सुरू झाल्या. "बाई वाहून गेल्या, बाई वाहून गेल्या!" रस्त्यावरच्या बायकांनी ते ऐकलं, आणि निम्मं गाव दोर घेऊन नदीकडे धावलं.

मी देवळाच्या खिडकीतून बघते तर माणसं दोर घेऊन पळताहेत. म्हणजे पूरही आला? मी जिवाच्या आकांताने ओरडले, "नदीकडे जाऊ नका, वर या!"

आली. माझा आवाज ऐकून सगळी शाळा आली. लहान मुलं मध्ये, मोठी कडेला, आणि पहिलीतल्या एका चिमुरडीने तात्यांचा हात घट्ट धरलेला.

"बाई, कडी काढा," सानिका बाहेरून म्हणाली. "घाबरू नका, आम्ही हाव ना."

खरं सांगते, लाज राहिली बाजूला, माझा ऊर भरून आला. एकाही मुलाने दुसऱ्याचा हात सोडला नव्हता.

मी हळूच विचारलं, "तात्या, मग खेळ बंद?"

"बंद कशाला? पोरांचं शिकून झालंय," तात्या म्हणाले. "बाईंचं राहिलंय."