तिरका राजा

आत्या रोज सकाळी औषधाच्या दुकानाचं शटर वर केलं की आधी फळीवरच्या बाटल्या सरळ करायची. लेबलं समोर, झाकणं एका रेषेत. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिची बोटं काउंटरवर काहीतरी सरकवत असायची. बाबा म्हणायचे, आमच्या ताईला झोपेतसुद्धा उशी वाकडी दिसते.

बुद्धिबळाच्या क्लबात मात्र ती हात मांडीखाली दाबून बसायची. तिथला नियमच तसा. ज्या सोंगटीला बोट लागलं, तीच हलवायची. वाकडी सोंगटी सरळ करायची तर आधी ‘नीट करतेय’ असं तोंडाने म्हणायचं.

त्या वर्षी शहराच्या संघात एकच जागा उरली होती. तीन वर्षं ती आत्याच्या हातून एकेका डावाने निसटली होती. आता शेवटचा डाव निवृत्त पोस्टमास्तरांशी. जिंकेल तो संघात. महिनाभर आत्या वजिरापुढच्या प्याद्यापासून पहिल्या बारा चाली घोकत होती. भाजी चिरतानाही ओठ हलायचे.

डाव सुरू झाला. टेबलावर घड्याळ टिकटिकत होतं, टेबलाखाली तिचा पाय. पाच चाली घोकल्याबरहुकूम पडल्या. पोस्टमास्तर मान खाली घालून आपली चाल टिपत होते. आत्याचा राजा त्याच्या घरात जरा तिरका उभा होता. तिने तो सरळ केला, आणि हात तसाच हवेत राहिला.

बाबा आणि मी सोडून कुणीच पाहिलं नव्हतं. बाबांनी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. आत्याने हात मांडीखाली घातला, काढला, पुन्हा घातला. मग राजा उचलून एक घर पुढे ठेवला. राजा एकदा हलला की किल्लेकोट करता येत नाही; आता त्याला एका चालीत हत्तीच्या आडोशाला कधीच नेता येणार नव्हतं. पोस्टमास्तर चष्मा पुसून पटाकडे बघतच राहिले. तिसाव्या चालीला आत्या हरली.

घरी येईपर्यंत बाबा पुटपुटत होते, हातातोंडाशी आलेला घास घालवलास.

“अरे, हात लागला होता,” एवढंच ती म्हणाली, आणि दारातल्या चपला जोडीने लावू लागली.

संघात ती कधीच गेली नाही. पंधरा वर्षांनी, दवाखान्यात, तिची बोटं पांघरुणाच्या काठावरून सारखी फिरत असायची. तिचं शेवटचं धड बोलणं तिथल्याच एका दुपारचं. घसरलेलं पांघरूण सरळ करायला मी हात घातला, तर डोळे न उघडता म्हणाली, “आधी सांगावं गं, मग हात लावावा.”